त्या दिवशी तुम्ही कुठे होता?

३१ ऑक्टोबर १९८४ रोजी भारताचा क्रिकेट संघ पाकिस्तानात सियालकोटला एकदिवसीय सामना खेळत होता. भारताने ४० षटकांत ३ बाद २१० धावा केल्या. दिलीप वेंगसरकर ९४ वर नाबाद राहिले. पाकिस्तानचा डाव मात्र सुरूच झाला नाही. पंतप्रधान इंदिरा गांधींवर दिल्लीत त्यांच्याच अंगरक्षकांनी गोळ्या झाडल्याची बातमी तोवर सीमेपलीकडे पोचली होती. सामना तिथेच थांबला आणि उरलेला दौराही रद्द झाला.

त्या दिवसाचे वेळापत्रक आज नेमके ठाऊक आहे. गोळीबार सकाळी सव्वानऊच्या सुमारास झाला. दिल्लीच्या एम्स रुग्णालयात दुपारी दोन वाजून गेल्यावर डॉक्टरांनी निधन जाहीर केले. बीबीसीच्या श्रोत्यांना बातमी दुपारीच कळली होती. आकाशवाणीने निधनाचे वृत्त दिले ते संध्याकाळी. राजीव गांधी त्या वेळी पश्चिम बंगालच्या दौऱ्यावर होते. त्यांनीही वाटेत बातमीसाठी बीबीसीच लावले होते.

आता पन्नाशीच्या पुढच्या कुणालाही विचारा, तुम्ही त्या दिवशी कुठे होता? उत्तर क्षणात येते. कुणी बँकेच्या रांगेत होते, कुणी एसटी स्टँडवर, कुणाला पानाच्या ठेल्यावरच्या रेडिओने बातमी दिली. दुकानांची शटरं कशी धडाधड खाली आली, रस्ता कसा ओस पडला, आई काय म्हणाली, सगळे अगदी काल घडल्यासारखे. सांगणाऱ्याला तिळमात्र शंका नसते. मग कुणी म्हणते, ‘अकरा वाजता आकाशवाणीने सांगितलं, इंदिराजी गेल्या.’ कुणाला मास्तरांनी वर्ग सोडून दिल्याचे आठवते. पण अकरा वाजता आकाशवाणीने निधन जाहीर केलेले नव्हते. आणि १९८४ साली लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होते. तेव्हा आपल्या शाळेची दिवाळीची सुट्टी ३१ तारखेपर्यंत संपली होती का, हे त्या माणसाने एकदा तपासून पाहायला हवे.

माणसे खोटे बोलत नाहीत. तरी त्यांचे सगळेच बरोबर असते असेही नाही. राष्ट्राला हादरवणाऱ्या दिवसाच्या या घरगुती आठवणींवर किती विसंबावे, या प्रश्नाचा अभ्यास सव्वाशे वर्षे चालू आहे. त्या अभ्यासाने बरीच वळणे घेतली आहेत आणि त्यातून निघालेले उत्तर महाराष्ट्राच्याही कामाचे आहे.

सुरुवात होते अब्राहम लिंकनपासून. एफ. डब्ल्यू. कोलग्रोव्ह या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १८९९ मध्ये एक लेख प्रसिद्ध केला. मध्यमवयीन आणि वृद्ध अशा १७९ माणसांना त्याने विचारले होते की लिंकनवर गोळी झाडल्याचे ऐकले तेव्हा तुम्ही कुठे होता. घटनेला तीस वर्षे उलटून गेली होती, तरी १२७ जणांनी जागा, वेळ, बातमी कुणी सांगितली, असा तपशील दिला. कोलग्रोव्हला यात स्मरणशक्तीचा पराक्रम दिसला. उत्तरे खरी आहेत की नाहीत, हे मात्र पडताळायला त्याच्याकडे काही साधन नव्हते. पुढची पाऊणशे वर्षे हा प्रश्न जवळपास तसाच पडून राहिला.

१९७७ मध्ये रॉजर ब्राऊन आणि जेम्स कुलिक या दोघांनी तो पुन्हा हाती घेतला. त्यांच्यासमोर होती २२ नोव्हेंबर १९६३ ची जॉन केनेडींची हत्या. ४० गोऱ्या आणि ४० कृष्णवर्णीय अमेरिकनांना त्यांनी प्रश्न विचारले. ८० पैकी ७९ जणांना केनेडींची बातमी ऐकल्याचा क्षण तपशिलासह आठवत होता. अशा आठवणींना त्यांनी ‘फ्लॅशबल्ब मेमरी’ हे नाव दिले. मोठा धक्का बसला की मेंदू त्या क्षणाचा फोटो काढून ठेवतो, असे त्यांचे म्हणणे होते. हे नाव आणि ही कल्पना दोन्ही लोकप्रिय झाली.

त्याच पाहणीतली दुसरी गोष्ट मात्र त्या मानाने कमी सांगितली जाते. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येची अशी लख्ख आठवण कृष्णवर्णीयांपैकी तीनचतुर्थांश लोकांना होती. गोऱ्यांमध्ये हे प्रमाण तिसऱ्या हिश्श्याइतकेच होते. देश एक, बातमी एक, वर्तमानपत्रेही तीच. तरी तो दिवस दोघांच्या मनात सारखा रुजला नव्हता. ‘राष्ट्रीय शोक’ म्हणताना आपण ज्याला एकच राष्ट्र समजतो त्यात असे कप्पे असतात, हे या आकड्यांनी दाखवून दिले. मार्गारेट थॅचर यांनी २२ नोव्हेंबर १९९० रोजी राजीनामा दिला, त्यावरही पुढे असाच अभ्यास झाला. अकरा महिन्यांनी ब्रिटनमधल्या ८६ टक्के लोकांची आठवण पक्की होती, ब्रिटनबाहेरच्यांची २९ टक्के.

फोटोच्या कल्पनेला पहिला तडा गेला तो एका संशोधकाच्या स्वतःच्या आठवणीने. अल्रिक नाइसर हे स्मृतीच्या अभ्यासातले मोठे नाव. ७ डिसेंबर १९४१ ला जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला तेव्हा ते बारा वर्षांचे होते. आपण घरात रेडिओवर बेसबॉलचा सामना ऐकत होतो आणि मध्येच बातमी आली, हे त्यांना वर्षानुवर्षे स्पष्ट आठवत होते. पुढे कधीतरी त्यांच्या लक्षात आले की अमेरिकेत डिसेंबरमध्ये बेसबॉल खेळतच नाहीत. नंतर इतर अभ्यासकांनी शोध घेतला, तर त्या दिवशी फुटबॉलचा सामना प्रसारित होत होता आणि त्यातल्या एका संघाचे नाव ब्रुकलिन डॉजर्स होते, म्हणजे बेसबॉलच्या प्रसिद्ध संघाचेच. रेडिओ खरा, सामना खरा, मध्येच आलेली बातमीही खरी. खेळ तेवढा बदलला होता.

२८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत कोसळले. सातही अंतराळवीर मरण पावले. त्यांत ख्रिस्टा मॅकऑलिफ ही शिक्षिका होती. दुसऱ्याच दिवशी सकाळी नाइसर यांनी एमोरी विद्यापीठातल्या वर्गात प्रश्नावली वाटली: बातमी कशी कळली, कुठे होता, कुणाबरोबर होता, काय करत होता. विद्यार्थ्यांनी स्वहस्ते उत्तरे लिहिली आणि ती जपून ठेवली गेली. अडीच वर्षांनी त्यांतल्या ४४ जणांना गाठून तेच प्रश्न पुन्हा विचारले. केवळ तिघांची उत्तरे सर्वार्थाने जुळली. ११ जणांचे एकही मुख्य उत्तर जुळले नाही. पहिल्या वेळी पाचातल्या एकाने बातमी टीव्हीवरून कळल्याचे लिहिले होते. दुसऱ्या वेळी जवळजवळ निम्मे तसे म्हणाले. कोसळत्या यानाची दृश्ये पुढे टीव्हीवर इतक्यांदा दाखवली गेली, की बातमी वर्गात किंवा जेवणाच्या टेबलावर ऐकल्याचे मागे पडले आणि टीव्ही पुढे सरकला.

सर्वांत चकित करणारा भाग त्यानंतरचा. संशोधकांनी विद्यार्थ्यांना त्यांच्याच अक्षरातली जुनी उत्तरे दाखवली. अक्षर माझेच आहे, हे त्यांनी कबूल केले. पण मूळ आठवण त्यामुळे परत आली नाही. नवी आठवणच त्यांना खरी वाटत राहिली.

११ सप्टेंबर २००१ च्या न्यूयॉर्क हल्ल्यानंतर या अभ्यासाला वेग आला. जेनिफर टॅलॅरिको आणि डेव्हिड रुबिन यांनी दुसऱ्या दिवशी, १२ सप्टेंबरला, ड्यूक विद्यापीठातल्या ५४ विद्यार्थ्यांकडून दोन आठवणी लिहून घेतल्या. एक हल्ल्याची, दुसरी त्याच दिवसांतल्या एखाद्या साध्या प्रसंगाची, एखाद्या पार्टीची किंवा अभ्यासाच्या रात्रीची. काही आठवड्यांनी आणि काही महिन्यांनी पुन्हा विचारले, तेव्हा दोन्ही आठवणींचा तपशील सारख्याच वेगाने निसटलेला आढळला. फरक पडला विश्वासात. साध्या प्रसंगाबद्दल विद्यार्थी चाचरू लागले, हल्ल्याच्या आठवणीबद्दल त्यांची खात्री तशीच राहिली. विल्यम हर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक शहरांतल्या तीन हजारांहून अधिक लोकांना आठवड्याने, वर्षभराने, तीन वर्षांनी आणि दहा वर्षांनी तेच प्रश्न विचारले. पहिल्या वर्षात बरेच बदलले आणि मग आठवण थिजली. पहिल्या वर्षात शिरलेली चूक दहा वर्षांनीही बहुधा तशीच सांगितली जात होती. सर्वांत लवकर विस्कटली ती भावना, म्हणजे त्या क्षणी आपल्याला नेमके काय वाटले होते ती गोष्ट.

पदामुळे कुणी यातून सुटत नाही. अध्यक्ष जॉर्ज बुश त्या सकाळी फ्लोरिडातल्या एका प्राथमिक शाळेत होते. वर्गात जाण्याआधी पहिले विमान इमारतीवर आदळताना टीव्हीवर पाहिले, असे त्यांनी नंतर जाहीर सभांत सांगितले. पहिल्या धडकेचे दृश्य त्या वेळी टीव्हीवर नव्हतेच. यातून कटाच्या अफवा उठल्या, पण कारण साधे होते. त्यांच्या स्मृतीचे तेच झाले होते जे एमोरीच्या विद्यार्थ्यांच्या स्मृतीचे झाले.

याही पुढची पायरी नेदरलँड्समध्ये दिसली. ४ ऑक्टोबर १९९२ रोजी इस्रायलचे एक मालवाहू विमान ॲमस्टरडॅममधल्या रहिवासी इमारतीवर कोसळले. धडकेचे चित्रीकरण कुणीच केलेले नव्हते. तरी काही महिन्यांनी हान्स क्रोम्बाख यांनी लोकांना विचारले, तेव्हा निम्म्याहून अधिक जणांनी ते दृश्य टीव्हीवर पाहिल्याचे सांगितले. ऐकलेल्या वर्णनातून डोळ्यांसमोर चित्र उभे राहिले आणि ते ‘पाहिलेले’ म्हणून जमा झाले.

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग आजी-आजोबांच्या गोष्टी म्हणजे निव्वळ कल्पना का? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. डेन्मार्कमधला एक अभ्यास याचा भक्कम पुरावा देतो. जर्मनीने ९ एप्रिल १९४० ला तो देश व्यापला. मुक्तीची घोषणा रेडिओवर झाली ४ मे १९४५ च्या संध्याकाळी. साठ वर्षांनी डोर्टे बर्न्टसेन आणि डोर्टे थॉमसेन यांनी वयोवृद्ध नागरिकांना त्या दोन्ही दिवसांबद्दल विचारले आणि उत्तरे हवामानाच्या नोंदींशी, घोषणेच्या वेळेशी ताडून पाहिली. बहुतेकांची उत्तरे बरीचशी बरोबर निघाली. प्रतिकार चळवळीशी ज्यांचा संबंध होता, त्यांची तर अधिकच नेमकी. ज्याचे काहीतरी पणाला लागलेले असते, त्याच्या आठवणीत अधिक टिकते.

चूकही अभ्यासण्याजोगी असते, हे दाखवले इटलीच्या अलेस्सांद्रो पोर्तेली यांनी. तेर्नी या पोलादनगरीत १७ मार्च १९४९ रोजी नाटोविरोधी मोर्चात लुईजी त्रास्तुल्ली हा तरुण कामगार पोलिसांच्या गोळीने मारला गेला. तारीख, कारण, सगळे कागदोपत्री नोंदलेले आहे. पण पोर्तेली यांनी जुन्या कामगारांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा अनेकांनी हा मृत्यू १९५३ सालचा सांगितला. त्या वर्षी कारखान्यातून मोठी कपात झाली होती आणि रस्त्यांवर चकमकी झाल्या होत्या. आपला माणूस एका मोर्चात, जवळजवळ अकारण गेला आणि आपण काहीच केले नाही, हे गावाला पचले नव्हते. म्हणून नकळत तो मृत्यू मोठ्या लढ्यात नेऊन ठेवला गेला. काय घडले हे पोलीस ठाण्याच्या कागदांतून कळते. तेर्नीला ते किती लागले, हे त्या चुकलेल्या तारखेवरून कळले.

हे सारे हाताशी धरून पुन्हा १९८४ कडे यावे. सियालकोटचा सामना, बीबीसी, खाली आलेली शटरं ही देशातल्या बहुसंख्यांची आठवण आहे. दिल्लीतल्या त्रिलोकपुरी, सुलतानपुरी, मंगोलपुरी इथल्या शीख कुटुंबांना ३१ ऑक्टोबरबद्दल विचारले, तर ती १, २ आणि ३ नोव्हेंबरबद्दल बोलतात. इंदिराजींच्या हत्येनंतरच्या त्या हिंसाचारात सरकारी आकड्यानुसारच एकट्या दिल्लीत २,७३३ शिखांची हत्या झाली. देश दूरदर्शनवर अंत्ययात्रा पाहत होता, तेव्हा या घरांतल्या बायका नवऱ्यांना आणि मुलांना शोधत फिरत होत्या.

त्यांची निवेदने लगेच नोंदली गेली, हे फार मोलाचे झाले. नागरी हक्क संघटनांचा अहवाल त्याच नोव्हेंबरमध्ये आला. उमा चक्रवर्ती आणि नंदिता हक्सर यांनी वाचलेल्यांच्या आणि त्यांना मदत करणाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या, त्यांचे पुस्तक १९८७ मध्ये निघाले. उर्वशी बुटालिया मदत छावण्यांत काम करत असताना वृद्ध शीख त्यांना सांगत, पुन्हा फाळणीच झाली. त्या बोलण्यातूनच त्या फाळणीच्या आठवणी गोळा करण्याकडे वळल्या आणि १९९८ मध्ये ‘द अदर साइड ऑफ सायलेन्स’ हे पुस्तक आले. एका शोकांतिकेने दुसरीच्या आठवणीचे दार उघडले.

आणि न्यायालय? १७ डिसेंबर २०१८ रोजी, म्हणजे घटनेनंतर ३४ वर्षांनी, दिल्ली उच्च न्यायालयाने काँग्रेसचे नेते सज्जन कुमार यांना राजनगर भागातल्या हत्याकांडात जन्मठेप सुनावली. खालच्या न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले होते. उच्च न्यायालयाने प्रत्यक्षदर्शींचे सांगणे ग्राह्य धरले. बातमी ऐकणाऱ्याची आठवण आणि डोळ्यांदेखत आपली माणसे मरताना पाहणाऱ्याची आठवण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीवरचे प्रयोग दाखवून दुसरीला खोटे पाडणे हा साक्षीदारांवर दुसरा घाव होईल.

महाराष्ट्रात हे कप्पे सर्वांत ठळक दिसतात ते ३० जानेवारी १९४८ च्या बाबतीत. शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजून गेल्यावर दिल्लीत बिर्ला हाउसमध्ये गांधीजींची हत्या झाली. बातमी रेडिओवरून आणि रेडिओ असलेल्या मोजक्या घरांतून गावोगाव गेली. असंख्य घरांत त्या रात्री चूल पेटली नाही. मारेकरी पुण्याचा नथुराम गोडसे, हे कळताच ब्राह्मणांच्या घरांवर हल्ले सुरू झाले. सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात घरेच्या घरे जळाली. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा स्टुडिओ जाळला गेला. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘वावटळ’ या कादंबरीचा विषय हीच जाळपोळ आहे.

त्यामुळे त्या पट्ट्यात ‘गांधीवधाच्या वेळी’ असे म्हणून सुरू होणारी गोष्ट कोणत्या घरात सांगितली जाते, यावर तिची तारीख ठरते. एका घरात ती ३० जानेवारीची असते, प्रार्थनेची आणि उपासाची. दुसऱ्या घरात ती ३१ जानेवारीची किंवा त्यानंतरची असते, मागच्या दाराने निघण्याची, कुणी शेजाऱ्याने धान्याच्या खोलीत लपवल्याची. दोन्ही खऱ्या आहेत आणि दोन्ही एकत्र ठेवून क्वचितच ऐकल्या गेल्या. ज्यांनी आग लावली किंवा लागताना पाहिली, त्यांची बाजू तर जवळपास नोंदलीच गेली नाही. पाऊण शतक होऊन गेले तरी हे राहून गेले, याची खंत वाटायला हवी.

मराठी माणसाच्या आठवणीला एक मोठा आधार मात्र आहे. तो तिथीचा, सणाचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३.५६ ला किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा गणपती विसर्जन करून माणसे नुकतीच झोपली होती. लातूर-उस्मानाबादच्या गावांत मातीच्या गिलाव्यातल्या दगडी भिंती झोपेतच अंगावर आल्या आणि हजारो माणसे गेली. त्या रात्रीची तारीख वाचलेले लोक चुकवत नाहीत, कारण ती अनंत चतुर्दशीला बांधलेली आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्याला असाच आधार क्रिकेटचा मिळाला. त्या दिवशी कटकला भारत-इंग्लंड सामना होता आणि हल्ल्यानंतर मालिकेतले उरलेले सामने रद्द झाले. पण त्या हल्ल्याच्या आठवणीत चॅलेंजरचाच धोका आहे. ताज हॉटेलच्या घुमटावरचा धूर सगळ्यांनी तीन दिवस टीव्हीवर पाहिला. त्या रात्री लोकलमध्ये अडकलेल्या माणसाने स्वतः काय पाहिले आणि नंतर टीव्हीने त्याला काय दाखवले, हे वेगळे काढणे दरवर्षी अधिक अवघड होत जाणार.

आठवणी जपायच्या कशा, याची चांगली उदाहरणे आपल्यासमोर आहेत. ‘१९४७ पार्टिशन आर्काइव्ह’ने दहा हजारांहून अधिक लोकांच्या फाळणीच्या कहाण्या ध्वनिचित्रमुद्रित केल्या. भोपाळमध्ये २०१४ साली ‘रिमेम्बर भोपाळ’ संग्रहालय उघडले. तिथे वायुकांडात गेलेल्यांच्या वस्तू मांडलेल्या आहेत आणि शेजारचा फोनचा रिसीव्हर कानाला लावला की घरच्या माणसाचा आवाज ऐकू येतो. वस्तू आणि आवाज एकत्र राहतात, हे तिथे फार विचारपूर्वक साधले आहे.

गावचे वाचनालय किंवा महाविद्यालयाचा इतिहास विभाग हे काम करू शकतो. त्यासाठी आतापर्यंतच्या अभ्यासातून काही पथ्ये सहज निघतात. जे घडले ते पहिल्या आठवड्यात, फार तर पहिल्या वर्षात लिहून घ्यावे. ‘तुम्हाला काय वाटलं?’ याआधी ‘बातमी कुणी सांगितली, तुम्ही उभे होता की बसला होता, हातात काय होते, नंतर कुठे गेलात?’ असे विचारावे. स्वतः पाहिलेले आणि नंतर ऐकलेले किंवा टीव्हीवर पाहिलेले वेगवेगळे नोंदवावे. सांगणाऱ्याला मध्येच दुरुस्त करू नये. त्या दिवसाचे वर्तमानपत्र, पंचांग, रेडिओच्या वेळा नंतर शेजारी ठेवाव्यात आणि तफावत आढळली तर तीही टिपून ठेवावी. आणि एकाच गल्लीतल्या निरनिराळ्या घरांत जावे, कारण एका घरातला शोक दुसऱ्या घरातली भीती असू शकते. घरातल्या बाईला तर मुद्दाम विचारावे. दार कुणी लावले, कुणाला आत घेतले, पोरांना काय खाऊ घातले, हे बहुधा तिलाच माहीत असते आणि बैठकीत बोलणाऱ्या पुरुषांमुळे तिचे राहून जाते.

१९४८ साली शाळेत असलेली मुले आज ऐंशीच्या पुढे आहेत, त्यांच्याकडे याच वर्षी जायला हवे. १९८४ ला कॉलेजात असलेले निवृत्त झाले आहेत आणि बोलायला त्यांना सवड आहे. किल्लारीतून विशीत वाचलेले अजून पन्नाशीत आहेत. गाव कुठे होते आणि नव्या वसाहतीत कोण कुठून आले, हे सांगू शकणारी ही शेवटची पिढी. तिथल्या शाळांतले विद्यार्थी स्वतःच्या घरापासून हे काम सुरू करू शकतात. फोनवर मुद्रण करता येते आणि सांगणारे माणूस बहुतेक वेळा त्याच घरात असते.